रसायनांच्या शेजारी राहताना : नशेचे पदार्थ आणि आपले घर

सालवडमध्ये राहणाऱ्या कुटुंबाला रसायनांची ओळख वेगळी करून द्यावी लागत नाही. संध्याकाळी वारा फिरला की खिडकी उघडी ठेवायची की लावून घ्यायची, हे येथील गृहिणी वासावरून ठरवते. शेजारच्या तारापूर औद्योगिक वसाहतीत औषधांचा कच्चा माल, रंगद्रव्ये, कापड, पोलाद असे नाना उद्योग आहेत, आणि सालवड, पास्थळ, सरावली, कोलवडे, कुंभवली या गावांतील कितीतरी घरांचे जेवणखाण, झोप आणि सणवार त्या उद्योगांच्या पाळ्यांनुसार ठरतात. कारखान्यात नवा हेल्पर रुजू झाला की त्याला आरंभीच काही नियम सांगितले जातात. ड्रमवरची चिठ्ठी वाचल्याखेरीज झाकण उघडायचे नाही. कशात काय मिसळलेले चालत नाही ते विचारायचे. अंगावर सांडले तर काय करायचे हे आधीच माहीत करून घ्यायचे.

वाचकहो, हाच हेल्पर पाळी संपवून बाहेर पडतो, टपरीवरून एक पुडी घेतो किंवा मित्राच्या हातची बाटली तोंडाला लावतो, तेव्हा यांपैकी एकही प्रश्न विचारत नाही. नशेचा प्रत्येक पदार्थ हेही एक रसायनच आहे. त्याची मात्रा असते, ते शरीरातल्या ठरावीक ठिकाणी जाऊन काम करते, दुसऱ्या रसायनाशी त्याची जुळणी होते किंवा बिघडते. व्यसनाविषयी आपल्याकडे बोलले जाते ते बहुधा चारित्र्याच्या भाषेत. या लेखात मात्र आपण कारखान्यातल्या त्या साध्या नियमांनी, म्हणजे चिठ्ठी वाचण्याच्या शिस्तीने, नशेच्या पदार्थांकडे पाहू.

प्रथम व्याप्तीचा अंदाज घेऊ. केंद्रीय सामाजिक न्याय मंत्रालयासाठी दिल्लीच्या एम्स या संस्थेने केलेल्या राष्ट्रीय सर्वेक्षणाचा अहवाल २०१९ साली प्रसिद्ध झाला. त्यानुसार १० ते ७५ वर्षे वयोगटातील १४.६ टक्के भारतीय, म्हणजे सुमारे १६ कोटी माणसे मद्य घेतात. भांग, गांजा, चरस घेणारे सुमारे ३ कोटी १० लाख आहेत, तर अफूजन्य पदार्थ घेणारे सव्वादोन कोटींच्या घरात. या आकड्यांपेक्षा त्याच अहवालातील एक लहानसा तपशील अधिक बोलका आहे. मद्याच्या आहारी गेलेल्या ३८ जणांपैकी जेमतेम एकाला कोणत्या ना कोणत्या स्वरूपाचे उपचार मिळतात. उरलेले ३७ जण घरीच असतात, आणि त्यांचा भार आई, पत्नी, भाऊ किंवा शाळेत जाणारी मुलगी उचलत असते. म्हणून हा लेख व्यसनी व्यक्तीइतकाच, किंबहुना अधिक, तिच्या घरच्यांसाठी आहे.

तंबाखू : जिला कोणी नशा म्हणत नाही

तंबाखूविषयी थोडक्यातच लिहितो, कारण तिचे तोटे आपण पाठ्यपुस्तकापासून ऐकत आलो आहोत. तरी दोन गोष्टी नमूद करणे आवश्यक आहे. २०१६-१७ च्या जागतिक प्रौढ तंबाखू सर्वेक्षणात महाराष्ट्रातील धूम्रपान करणाऱ्यांचे प्रमाण अवघे ३.८ टक्के आढळले. तोंडात ठेवायची तंबाखू वापरणारे मात्र २४.४ टक्के. आपल्या राज्याचे दुखणे धुरात नसून गालात आहे. कारखान्यात विडी-सिगारेट पेटवायला सक्त मनाई असते हे योग्यच, पण त्याचा एक परिणाम असा की पाळीच्या आठ तासांत तंबाखूचा बार गालातच मुरत राहतो. गुटख्यावर राज्यात जुलै २०१२ पासून बंदी आहे. सुपारी आणि तंबाखू वेगवेगळ्या पुड्यांत विकून ती कशी चुकवली जाते, हे कोणत्याही टपरीसमोर पाच मिनिटे उभे राहिल्यास दिसते.

दुसरी गोष्ट मशेरीची. भाजलेली तंबाखू दातांना लावणाऱ्या स्त्रिया स्वतःला व्यसनी समजत नाहीत. त्यांच्या लेखी ते दात घासणे असते. निकोटीन मात्र हिरड्यांतून रक्तात जातेच. गरोदरपणी मशेरी सुरू राहिल्यास बाळ कमी वजनाचे जन्मण्याचा व मृत जन्माचा धोका वाढतो. घरातील थोरल्या बाईंना हे सांगताना टीकेचा सूर लावू नये. त्यांच्या सासूने त्यांना ही सवय प्रेमानेच लावलेली असते.

एक तपासणी आजच घरी करून पाहावी. आरशासमोर उभे राहून तोंड पूर्ण उघडावे आणि स्वतःची तीन बोटे उभी करून दातांच्या मधे जातात का ते पाहावे. दोनच जात असतील, तिखट झोंबत असेल, गालाची आतली बाजू पांढुरकी व ताठ लागत असेल तर दंतवैद्याकडे जाण्यास विलंब करू नये. हा विकार मुख्यतः सुपारीमुळे होतो, त्यामुळे 'मी तंबाखू खात नाही, नुसती सुपारी खातो' हे समर्थन येथे टिकत नाही.

मद्य, आणि ड्रममधले मद्य

मद्याचे यकृतावर, जठरावर, हृदयावर होणारे परिणाम आपण जाणता. ते कर्करोगकारक आहे, हे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने १९८८ सालीच जाहीर केले. 'प्रमाणात घेतलेली चांगली' या समजुतीलाही या संघटनेने जानेवारी २०२३ मध्ये स्पष्ट उत्तर दिले : आरोग्याला निर्धोक अशी मद्याची कोणतीही मात्रा नाही. रात्रपाळी करणाऱ्यांमध्ये रूढ असलेला एक युक्तिवाद मात्र वेगळा आहे. सकाळी उजेडात झोप लागत नाही, म्हणून 'क्वार्टर' मारून झोपायचे. मद्याने डोळा लवकर लागतो हे खरे. पण ते उतरू लागताच झोप तुटते, घशाचे स्नायू सैल पडून घोरणे वाढते, आणि चार तासांनी उठलेला माणूस न झोपलेल्या माणसासारखाच रिॲक्टरसमोर उभा राहतो. अशा झोपेला औषध लागत असेल तर ते काळ्या पडद्यांचे आणि दुपारी दार न वाजवणाऱ्या शेजाऱ्यांचे लागते.

तारापूरसारख्या वसाहतीत मद्याची एक जादा गुंतागुंत आहे, जिच्याविषयी घरांत सहसा बोलले जात नाही. औषध, रंग व कापड उद्योगांत डायमिथाइल फॉर्मामाइड, अर्थात डीएमएफ, हे सॉल्व्हंट वापरले जाते. ते श्वासावाटे आणि त्वचेतूनही शरीरात जाते व यकृतावर ताण आणते. शिवाय मद्य पचवण्याच्या क्रियेतील एका टप्प्यात ते अडथळा आणते. अशा कामगाराने संध्याकाळी एखादा पेला घेतला तरी चेहरा, मान, हात लालभडक होतात, छाती धडधडते, मळमळते. काही सॉल्व्हंटांबाबत हे कित्येक दशकांपूर्वीच वैद्यकात नोंदले गेले आहे. घरचे समजतात की बाटली खराब होती. प्रत्यक्षात शरीर सांगत असते की कारखान्यात हातमोजे किंवा मुखवटा नीट वापरला गेला नाही. आपल्या घरातील कोणाला असा त्रास होत असेल तर तो कारखान्याच्या डॉक्टरांना आवर्जून सांगावा. आपण कोणत्या रसायनाजवळ काम करतो याची माहिती मागणे हा कामगाराचा हक्क आहे, आणि धोकादायक प्रक्रिया असलेल्या कारखान्यात नियमित वैद्यकीय तपासणी मालकाला टाळता येत नाही.

आता मिथेनॉलविषयी. हे येथे सर्वांत ठळक अक्षरांत छापावे असे वाटते. मिथेनॉल हे रसायन उद्योगातले रोजच्या वापराचे सॉल्व्हंट आहे. दिसते पाण्यासारखे, वास दारूसारखा, आणि 'स्पिरिट' या एकाच नावाखाली ते पिण्याच्या अल्कोहोलशेजारी जाऊन बसते. शरीरात गेल्यावर त्याचे फॉर्मिक आम्ल बनते. हे आम्ल प्रथम डोळ्यांच्या मज्जातंतूवर घाला घालते. सुमारे १० मिलिलिटर, म्हणजे दोन चमचे मिथेनॉल माणसाला आंधळे करण्यास पुरू शकते. ३० मिलिलिटरने मृत्यू ओढवू शकतो. जून २०१५ मध्ये मुंबईच्या मालवणीत विषारी दारूने शंभरहून अधिक माणसे गेली, ती मिथेनॉलनेच. त्यांपैकी बहुतेक जण रोजंदारीचे कष्टकरी होते.

फसवणूक येथे वेळेची असते. मिथेनॉल प्यायल्यावर पहिले बारा ते चोवीस तास साध्या नशेसारखेच जातात. मग डोकेदुखी, पोटात कळा, उलट्या, धाप आणि डोळ्यांपुढे धुके पसरल्यासारखे दिसणे सुरू होते. 'रात्री जास्त झाली, झोपू द्या' असे म्हणून घरचे त्याला झोपवतात आणि उपचाराचे मोलाचे तास निघून जातात. मद्य घेतलेल्या माणसाने 'दिसत नाही' किंवा 'धूसर दिसते' असे म्हटले की ती हँगओव्हरची तक्रार समजू नये. १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका बोलवावी, त्याच्यासोबत प्यायलेल्या सर्वांना शोधून काढावे आणि डॉक्टरांपुढे मिथेनॉल हा शब्द स्वतःहून उच्चारावा. या विषबाधेवर उतारा आहे, डायलिसिस करता येते, मात्र ते वेळेत सुरू व्हावे लागते. कारखान्यातून कोणी 'शुद्ध स्पिरिट' बाटलीत भरून आणल्याचे कळले तर मैत्री, नाते, भीड काहीही आड येऊ देऊ नये.

ताडीचा गोडवा आणि त्यातली भर

पालघर, डहाणू, तलासरी या पट्ट्यात ताडी आणि माडी यांना व्यसन म्हणणे अनेकांना रुचत नाही. त्यामागे इतिहास आहे. ताड, शिंदी आणि माड यांचा रस काढणे हा येथे पिढ्यान्‌पिढ्यांचा व्यवसाय, आणि मोहाची दारू आदिवासींच्या देवकार्याचा भाग. इंग्रज सरकारने १८९२ साली कायदा करून तेव्हाच्या ठाणे व कुलाबा जिल्ह्यांत मोहाची फुले गोळा करण्यावर निर्बंध आणले, ते लोकांच्या आरोग्याच्या काळजीपोटी नव्हे, अबकारीच्या उत्पन्नासाठी. बाहेरच्याने येऊन आपल्या पेयाला नावे ठेवली की येथील माणूस आजही कानांवर हात ठेवतो, त्याचे मूळ बहुधा तेथे असावे.

म्हणून ताडीच्या बाबतीत परंपरेशी वाद न घालता मडक्यात काय आहे एवढेच पाहू. पहाटे उतरवलेली नीरा गोड असते, काही तासांत ती आंबते आणि तिच्यात बिअरइतपत मद्यार्क तयार होतो. झाडे मोजकी, चढणारे हात त्याहून मोजके, आणि गिऱ्हाइके मात्र औद्योगिक वसाहतीएवढी, मग ही तूट भरून कशी निघते? पाणी, सॅकरिन आणि क्लोरल हायड्रेट. क्लोरल हायड्रेट हे एकोणिसाव्या शतकातले झोपेचे औषध. महाराष्ट्रात ताडीत ते मिसळल्याची प्रकरणे वेळोवेळी उघडकीस आली आहेत. अन्य राज्यांत अल्प्राझोलाम व डायझेपाम या गोळ्यांची पूडही सापडली आहे. मद्य आणि झोपेचे औषध एकत्र आले की दोन्ही मिळून श्वासोच्छ्वास मंद करतात, आणि क्लोरल हायड्रेट हृदयाचा ठोकाही चुकवते.

याहून कमी माहीत असलेला धोका असा की अशी ताडी रोज पिणाऱ्याचे शरीर नकळत त्या गोळ्यांनाही बांधले जाते. तेलंगणात भेसळीविरुद्ध कारवाई होऊन ताडी एकाएकी बंद झाली तेव्हा झटके, भास आणि हातापायांची थरथर घेऊन माणसे रुग्णालयांत दाखल झाली होती. 'मी तर फक्त ताडी पितो' असे म्हणणारा माणूस ताडी सोडल्यावर विचित्र वागू लागला तर घरच्यांनी बाधा, नजर, अंगात येणे यांचा विचार करण्याआधी डॉक्टर गाठावा.

पांढरी पूड

एम.डी. हे नाव आता खेड्यांतल्या शाळांपर्यंत पोहोचले आहे. मेफेड्रोन असे त्याचे पूर्ण नाव. मुंबईत ते 'म्याऊ म्याऊ' म्हणूनही विकले गेले. १९२९ साली प्रयोगशाळेत प्रथम तयार झालेला हा पदार्थ सात-आठ दशके विस्मृतीत होता. या शतकाच्या आरंभी तो युरोपातील पार्ट्यांत अवतरला, ब्रिटनने २०१० साली त्यावर बंदी घातली, आणि भारतात फेब्रुवारी २०१५ मध्ये अंमली पदार्थविरोधी कायद्याच्या यादीत त्याचा समावेश झाला.

अफूला शेत लागते, गांजाला झाड लागते. मेफेड्रोनला लागतो रिॲक्टर आणि रसायनशास्त्र जाणणारा माणूस. म्हणून हे व्यसन औद्योगिक पट्ट्यांच्या आसपास घुटमळते. ऑगस्ट २०२२ मध्ये मुंबई पोलिसांच्या अंमली पदार्थविरोधी पथकाने आपल्याच पालघर जिल्ह्यातील नालासोपाऱ्यात ७०० किलोहून अधिक मेफेड्रोन पकडले. त्याची किंमत सुमारे १,४०० कोटी रुपये सांगितली गेली. अटक झालेल्यांपैकी एकाने रसायनशास्त्राचे पदव्युत्तर शिक्षण घेतले होते, असे पोलिसांनी सांगितले. फेब्रुवारी २०२४ मध्ये पुणे जिल्ह्यातील कुरकुंभ औद्योगिक वसाहतीतील एका कारखान्यावर पुणे पोलिसांनी छापा घातला, तेथेही हाच पदार्थ बनत होता. या बातम्या वाचताना माझ्या मनात कोट्यवधींच्या आकड्यापेक्षा पगारी ऑपरेटर येतो. रात्री नाव नसलेली 'बॅच' चालवण्यासाठी जादा पैसे देऊ करणारा माणूस भेटला तर त्या पैशांच्या मागे काय आहे, हे घरातल्या सर्वांना माहीत असावे. मेफेड्रोन ५० ग्रॅम वा त्याहून अधिक असेल तर कायदा त्याला व्यापारी प्रमाण मानतो आणि शिक्षा दहा ते वीस वर्षांची असते.

शरीरात हा पदार्थ काय करतो? मेंदूतील आनंदाशी व उत्साहाशी निगडित डोपामिन आणि सेरोटोनिन ही द्रव्ये तो एकाच वेळी ओतून रिकामी करतो. झोप उडते, भूक मरते, आत्मविश्वास उफाळून येतो, माणूस अखंड बोलतो. सलग दोन पाळ्या करणाऱ्या तरुणाला हे वरदान वाटते आणि येथेच तो सापडतो. कारण परिणाम थोड्याच तासांत ओसरतो, रिकामे झालेले मेंदूचे कोठार लगेच भरत नाही, आणि उदासी टाळण्यासाठी दुसरी, तिसरी चिमूट घेतली जाते. हृदयाची गती व रक्तदाब वाढतो, अंग तापते, जबडा आवळला जातो, नाकातून रक्त येते, बोटे गार व निळसर पडतात. काही दिवसांच्या जागरणानंतर संशय सुरू होतो : शेजारी माझ्यावर नजर ठेवतात, बायको पोलिसांना सांगणार आहे, भिंतीत कोणी बोलते आहे. हा संशय खोटा असला तरी भोगणाऱ्याला खराच असतो, त्यामुळे त्याच्याशी वाद घालण्यात अर्थ नाही. कमी उजेडाची, शांत जागा, थंड पाण्याच्या पट्ट्या आणि तातडीने रुग्णालय. छातीत दुखत असेल किंवा अंग भाजल्यासारखे तापले असेल तर क्षणाचीही वाट पाहू नये.

औषधाच्या दुकानातली नशा ही याची दुसरी बाजू. एम.डी.ने उडालेली झोप आणण्यासाठी अल्प्राझोलाम किंवा नायट्राझेपामच्या गोळ्या, अंगदुखीसाठी ट्रामाडोल, आणि खोकला नसताना कोडीनयुक्त सिरप. ही औषधे मार्च २०१४ पासून 'एच-वन' सूचीत आहेत. त्यांच्या वेष्टनावर लाल चौकट असते आणि विक्रेत्याला डॉक्टरांचे व रुग्णाचे नाव नोंदवहीत लिहून ती तीन वर्षे जपावी लागते. चिठ्ठीशिवाय देणारा विक्रेता आपल्यावर उपकार करत नसतो. घरातील आजी-आजोबांच्या झोपेच्या गोळ्यांची पट्टीही मोजून ठेवावी. ती लवकर संपू लागली तर आजींच्या विसरभोळेपणाला दोष देण्याची घाई करू नये.

गांज्याला 'नैसर्गिक' म्हणून सूट देणारे पुष्कळ आहेत. घेणाऱ्यांपैकी साधारण दहात एक जण त्याच्या अधीन होतो, किशोरवयात सुरू केल्यास सहात एक. ज्या घरात मनोविकाराचा इतिहास आहे तेथील मुलाला तो भ्रमाच्या आजारापर्यंत नेऊ शकतो. आणि सर्वांत लहान वयाची नशा आहे ती हुंगण्याची. राष्ट्रीय सर्वेक्षणात याच एका प्रकारात मुलांचे प्रमाण मोठ्यांहून अधिक आढळले : १० ते १७ वयोगटात १.१७ टक्के, प्रौढांत ०.५८ टक्के. पंक्चरचे सोल्यूशन, थिनर, व्हाइटनर यांतील टोल्युइनसारखी द्रव्ये फुप्फुसांतून थेट मेंदूत जातात. पहिल्याच वेळी हृदय थांबून मृत्यू आल्याची उदाहरणे वैद्यकात आहेत. मुलाच्या तोंडाभोवती पुरळ, कपड्यांना रंगाचा वास, दप्तरात ओलसर रुमाल दिसला तर घरात कोणी रंगकाम केले का हे आठवून पाहावे, आणि मग त्याच्याशेजारी बसावे.

घरातले उपाय, आणि त्यांतले धोके

वृत्तपत्रांच्या छोट्या जाहिरातींत आणि रेल्वे स्थानकांबाहेरच्या भिंतींवर आपण वाचले असेल : पिणाऱ्याला न कळत दारू सोडवा. चहात किंवा भाजीत मिसळायची पूड कुरिअरने घरी येते. ती मागवणाऱ्या पत्नीच्या वेदनेची मला कल्पना आहे, तरीही स्पष्ट लिहितो की हा प्रयोग जीवघेणा ठरू शकतो. अशा पुडीत काय आहे हे वेष्टन सांगत नाही, आणि डायसल्फिराम हे औषध असेल तर धोका ठरलेला. या औषधाची कहाणी रसायन कामगारांशी जोडलेली आहे. १९३७ साली अमेरिकेतील एका रसायन कारखान्याच्या डॉक्टरांनी नोंदवले की रबर उद्योगातील एका रसायनाजवळ काम करणाऱ्यांना मद्य मुळीच सोसत नाही. पुढे १९४८ मध्ये डेन्मार्कच्या संशोधकांनी त्याच कुळातील डायसल्फिराम मद्यमुक्तीसाठी पुढे आणले. ते घेतलेल्या माणसाने मद्य प्यायले की डोके ठणकते, भडभडून उलट्या होतात, रक्तदाब घसरतो. ज्याला हे ठाऊक आहे तो पिण्यापासून दूर राहतो. औषधाचे सारे सामर्थ्य त्या ठाऊक असण्यात आहे. ज्याला ठाऊक नाही तो नेहमीप्रमाणे पितो, आणि त्याचे हृदय दुबळे असेल तर तो घरी परतत नाही. शेवटच्या गोळीनंतरही हा परिणाम दोन आठवड्यांपर्यंत राहू शकतो. डॉक्टरांच्या देखरेखीखाली, त्याच्या संमतीने दिलेले तेच औषध मात्र उपयोगी आहे.

दुसरा घरगुती उपाय म्हणजे शपथ. गणपतीसमोर, पोराच्या डोक्यावर हात ठेवून, उद्यापासून थेंबही नाही. शपथेच्या प्रामाणिकपणाबद्दल शंका नाही. अडचण शरीराची आहे. वर्षानुवर्षे रोज पिणाऱ्याने एकाएकी थांबवले की पहिल्या एक-दोन दिवसांत अपस्मारासारखे झटके येऊ शकतात, आणि दुसऱ्या ते चौथ्या दिवशी घाम, ताप, थरथर, किडे-साप दिसण्याचे भास, दिवस-रात्रीचे भान सुटणे सुरू होऊ शकते. उपचार न मिळाल्यास यात मृत्यूही होतो. झोपेच्या गोळ्या एकदम बंद केल्यावरही असेच घडते. गर्द सोडताना होणाऱ्या यातना भयंकर दिसल्या तरी त्या सहसा प्राण घेत नाहीत. तेथे धोका नंतर येतो, कारण काही आठवडे दूर राहिलेल्या शरीराची सहनशक्ती उतरलेली असते आणि पूर्वीच्याच मात्रेने श्वास थांबतो. थोडक्यात, सोडण्याचा दिवस डॉक्टरांना विचारून ठरवावा. पिणारा आठवड्यातून क्वचित घेणारा असेल तर गोष्ट निराळी.

बेशुद्ध पडलेल्या माणसाला कांदा हुंगवणे, चप्पल नाकाशी धरणे, मिठाचे पाणी पाजणे हे प्रकार थांबवावेत. त्याला कुशीवर वळवावे, म्हणजे उलटी घशात अडकत नाही. श्वास मोजावा. ओठ निळसर पडले, श्वास मिनिटाला दहाच्या खाली गेला किंवा बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या दिसल्या तर १०८. सोबत रिकामी बाटली, पट्टी, पुडी न्यावी. पोलिसांच्या भीतीने डॉक्टरांपासून काहीही दडवू नये. कायद्याची बाजूही जाणून घ्या : अंमली पदार्थविरोधी कायद्याच्या कलम ६४-अ नुसार, अल्प प्रमाणाच्या गुन्ह्यात अडकलेली व्यसनी व्यक्ती स्वेच्छेने मान्यताप्राप्त केंद्रात उपचार घेण्यास तयार झाली तर तिला खटल्यापासून संरक्षण मिळू शकते.

बोलायचे केव्हा, हा प्रश्न आपण बहुधा विचारतच नाही. नशेत असताना कधीही बोलू नये. सकाळी, तो आंघोळ करून चहा घेत असताना, मुले शाळेत गेल्यावर, एकाच माणसाने बोलावे आणि एकाच घटनेविषयी बोलावे. 'तू घर बुडवलेस' याऐवजी 'परवा रात्री तू जिन्यावर पडलास, मला फार भीती वाटली, माझ्याबरोबर एकदा डॉक्टरांकडे चल' हे वाक्य ऐकून घेणे त्याला अधिक सोपे जाते. पहिल्या खेपेला तो नाहीच म्हणेल. त्याची उधारी फेडणे, कामावर 'ताप आलाय' असा निरोप देणे मात्र त्या दिवसापासून बंद करावे. ही माया व्यसनालाच पोसते.

पुण्यात २९ ऑगस्ट १९८६ रोजी डॉ. अनिता आणि अनिल अवचट यांनी पु. ल. देशपांडे यांच्या पाठबळाने मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र सुरू केले, ते गर्दच्या लाटेने मुंबई-पुण्यातील तरुण वाहून जात असताना. उपचारांत घरच्या माणसांनाही सामावून घ्यायचे, ही त्या केंद्राने महाराष्ट्राला घालून दिलेली वाट आहे. आपल्या बाजूला, १९८१ साली वांद्र्यात आरंभ झालेल्या कृपा फाउंडेशनचे केंद्र वसईत आहे. अल्कोहोलिक्स अॅनॉनिमसच्या सभांना शुल्क नसते व नाव विचारले जात नाही. कुटुंबीयांसाठी अल्-अॅनॉन हा स्वतंत्र गट असतो. कोणतेही खासगी केंद्र निवडताना त्याची मानसिक आरोग्य आस्थापना म्हणून नोंदणी आहे का, तेथे डॉक्टर रोज येतात का आणि घरच्यांना भेटू देतात का, हे तीन प्रश्न विचारावेत. रुग्णाला साखळीने बांधणे २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने निषिद्ध आहे. 'आम्ही त्याला उचलून नेतो, तुम्ही फक्त पैसे भरा' असे सांगणाऱ्याच्या हाती आपला माणूस सोपवू नये.

फोन करण्यासाठी : व्यसनमुक्तीची राष्ट्रीय मदतवाहिनी १४४४६, मनाच्या कोणत्याही त्रासासाठी टेलि-मानस १४४१६, तंबाखू सोडण्यासाठी १८००-११-२३५६. हे फोन विनाशुल्क आहेत. व्यसनी व्यक्ती तयार नसली तरी घरच्यांनी फोन करावा. डॉक्टरांकडे पहिल्यांदा जाताना एका कागदावर लिहून न्यावे : काय घेतो, किती, किती वर्षांपासून, शेवटचे केव्हा घेतले, पूर्वी सोडताना झटके आले होते का, कारखान्यात कोणत्या रसायनाजवळ काम करतो, आणि सध्या इतर कोणती औषधे चालू आहेत. ईएसआयचे कार्ड असेल तर तेही बरोबर घ्यावे.